इंदुरात आजारी पडण्यापूर्वी

आजार काय आहे ते मागाहून बघू, आधी हॉस्पिटल ठरवा. उद्या सकाळी आत्याचा फोन येईल तेव्हा तिचा पहिला प्रश्न 'कुठे ठेवलंय?' हा असेल. 'काय झालंय?' हे ती फोन ठेवता ठेवता विचारेल, तेही आठवलं तर. तेव्हा नाव असं हवं की ते ऐकून तिने क्षणभर गप्प बसावं आणि मग 'बरोबर आहे, तब्येतीपुढे पैसा काय' म्हणावं.

एक नाव मात्र चुकूनही तोंडातून निघू देऊ नका, ते म्हणजे एम.वाय., आपलं मोठं सरकारी इस्पितळ. महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाची ती सात मजली इमारत आपले आजोबा पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवत असतील, पण ते आजोबा. आता तिथे खरगोन, बडवानी, झाबुआहून लोक येतात, बस स्टँडवर उतरतात, बोचकं डोक्यावर घेऊन चालत जातात आणि व्हरांड्यात चादर अंथरतात. आपण रामबागेतली पांढरपेशी माणसं. गीता भवनच्या बाजूला चकचकीत केबिनमध्ये ज्या डॉक्टरांना नंबर लावून दाखवतो, त्यांतले कित्येक एमजीएम मेडिकल कॉलेजातच शिकले आणि त्यांचा हात एम.वाय.च्याच वॉर्डात बसला. तो बसत असताना खाटेवर कोण होतं, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नाही.

शिवाय तिथे उंदीर आहेत. त्यांचा इतिहासही जुना. १९९४ मध्ये अख्खं इस्पितळ रिकामं करून, रुग्ण दुसरीकडे हलवून, उंदीर मारून इमारत धुवून काढली होती. त्यातूनच रोगी कल्याण समिती जन्मली. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून थोडं शुल्क घ्यायचं आणि तो पैसा तिथेच खर्च करायचा, ही पद्धत पुढे राज्यभर आणि २००५ नंतर ग्रामीण आरोग्य मिशनबरोबर देशभर गेली. उंदीर मात्र इंदूर सोडून कुठे गेले नाहीत. २०२५ च्या ऑगस्टअखेर नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात त्यांनी दोन बाळांना चावे घेतले. दोन्ही बाळं गेली. मृत्यूचं कारण चावा नव्हे, असं प्रशासनाने सांगितलं, म्हणजे उंदीर निर्दोष सुटले. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून आपण सलग आठवा झेंडा लावला होता. आपल्याला त्या बातमीने फारसं काही झालं नाही, कारण आपलं कोणी तिथे नव्हतं.

असो. विमा आहे ना? मग डीलक्स रूमच घ्या. काउंटरवरची मुलगी 'ट्विन शेअरिंग की प्रायव्हेट?' असं विचारते तेव्हा मेव्हणा नेमका तुमच्या मागे उभा असतो. मेव्हण्यासमोर 'ट्विन' म्हणणारा जावई अजून जन्मायचा आहे. तुमची पॉलिसी समजा ३ लाखांची. तिच्या आतल्या कुठल्याशा पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की रूमभाडं दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची खोली घेता आणि मनात म्हणता, वरचे तीन हजार खिशातून टाकू. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! कंपनी तिथे त्रैराशिक मांडते. भाडं निम्मंच बसतं, तर सर्जनची फी निम्मी, ऑपरेशन थिएटर निम्मं, नर्सिंग निम्मं. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या तेवढ्या वाचतात. बदल्यात तुम्हाला सोफा मिळतो. त्यावर मेव्हणा बसतो.

ॲम्ब्युलन्सची काळजी सोडा. २०१५ पासून आपल्याकडे ग्रीन कॉरिडॉर होतात. दान केलेलं यकृत एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात किंवा विमानतळावर काही मिनिटांत पोचतं, चौकाचौकात पोलीस उभे असतात, आणि हे इंदूरने खरोखर मनापासून केलेलं काम आहे. अट एवढीच की आपण यकृत असलं पाहिजे. सबंध माणूस असाल तर पलासियाच्या सिग्नलला थांबा, पुढे कुणाची तरी वरात असेल.

भेटायला येणाऱ्यांना अडवू नका. पुण्याचे भाऊजी 'इकडे का नाही आणलं?' विचारतील, तेव्हा मान खाली घाला. दवा बाजारात ओळख असलेला शेजारी 'हीच गोळी तिकडे कितीतरी स्वस्त' म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

डिस्चार्ज सकाळी नऊला मिळतो आणि संध्याकाळी सातला होतो. मधल्या वेळात फाइल 'वर' असते. अंतिम मंजुरी विमा कंपनीने ३ तासांत द्यावी, असा नियम २०२४ मध्ये आला. पण घड्याळ सुरू होतं हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर. कागद अडलेत फार्मसीच्या सहीसाठी, फार्मसी थांबलीय वॉर्डातून परत यायच्या दोन इंजेक्शनांसाठी, आणि इंजेक्शनं ज्याच्या हातात आहेत तो जेवायला गेलाय. तुम्ही बाकावर बसा. सलाईनची पट्टी काढू नका, अजून घरी गेलेला नाहीत.

शेवटची गोष्ट नानांची. ७० पुढच्यांना आयुष्मान कार्डासाठी २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट उरलेली नाही. घरातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, यादीतल्या खासगी हॉस्पिटलांतही. तरी काढू नका. बँकेतून रिटायर झालेले नाना विचारतीलच, 'आपण काय गरीब आहोत का रे?' तुम्ही लगेच 'छे, छे' म्हणा आणि विषय बदला. सत्तरीनंतर त्यांच्या पॉलिसीचा हप्ता किती झालाय ते नाना विचारत नाहीत, आणि तो कोण भरतं ते तुमची बायको सगळ्यांसमोर सांगत नाही, तोवर सगळं ठीक चाललंय.