शिंका नेमक्या कशाने थांबल्या?

ताई, तुम्ही लिहिलंत, "न घेताच होमिओपॅथीला नावं ठेवता. माझ्या मुलाच्या सकाळच्या शिंका सहा महिन्यांत थांबल्या, दम्याचा पंपसुद्धा बंद केला."

न घेता नाही हो. पुण्यात चार पावसाळे मी त्या साबुदाण्यासारख्या गोळ्या जिभेखाली ठेवल्या, कच्चा कांदा आणि कॉफी सोडली. आमच्या डॉक्टरांनी तासभर माझं ऐकून घेतलं, तेवढं कुणीच ऐकलं नव्हतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण गोळ्यांसोबत त्यांनी जुनी कापसाची गादी काढायला, अभ्रे-चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुवायला आणि उदबत्ती बंद करायला सांगितलं. दोन्ही एकाच दिवशी सुरू झालं, मग श्रेय कुणाला द्यायचं? तिसऱ्या वर्षी गोळ्या चालू असताना माळ्यावरच्या गोधड्या न धुता अंगावर घेतल्या आणि आठवडाभर नाक गळत राहिलं. आता गोळ्या बंद आहेत, धुणं चालू आहे, नाक बरं आहे. माझ्या एकटीच्या नाकाने काही सिद्ध होत नाही, हे मान्य. मुलाच्या सहा महिन्यांनीही होत नाही. गाजर गवताचा फुलोरा ओसरला, दमट हवा सरली की अशा शिंका आपसूकच कमी होतात.

होमिओपॅथीच्या गोळ्यांची ३० पोटन्सी म्हणजे मूळ औषध शंभरपट पातळ करायचं, असं तीस वेळा. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ औषधाचा एक रेणूही उरण्याची शक्यता नगण्य असते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. एकाही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा तिला मिळाला नाही. आणि परागकणांनीच शिंका येतात हे स्वतःवर प्रयोग करून १८७३ मध्ये मांडणारे मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली स्वतः होमिओपॅथ होते! कारण शोधायचं हे त्यांच्याकडून जरूर घ्यावं.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं मी आजही करते, पण पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं तसंच कधीही नाही. नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेची मलाही भीती होती. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, नाकाच्या मधल्या पडद्यापासून स्प्रेचं तोंड बाजूला वळवून मारला, तेव्हा झोप लागायला लागली.

गोळ्यांचा वाद राहू द्या, पण पंपाचं वाचून मला चैन पडेना. शिंका थांबल्या म्हणजे दमा गेला असं नसतं. पंप बंद करण्याबद्दल ज्यांनी तो दिला त्या डॉक्टरांना विचारलं होतंत का? नसेल तर याच आठवड्यात मुलाला दाखवून या. रात्री खोकल्याने उठतो का, खेळताना छातीत शिटी वाजते का, तेही त्यांना सांगा. आणि धाप लागून बोलता येईना असं झालं, तर वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.