सोपं काहीतरी सांगा ना

विणकाम येतंय हे कळलं की लोक "माझ्यासाठी एक करून देशील का?" असं विचारतात. त्याला नाही म्हणायला मी आता शिकलेय. पण त्याहून डेंजर मंडळी म्हणजे "मीच करीन, तू फक्त सोपं काहीतरी सांग" वाली. आता याला नाही कसं म्हणणार, समोरचा बिचारा मेहनत स्वतः करणार आहे, आपल्याकडे नुसती आयडिया मागतोय. आणि मग आपल्या झोपेचं खोबरं होतं.

ऑफिसातल्या एका ज्युनिअरने मला असंच गाठलं. लग्न ठरलंय, होणाऱ्या बायकोचा वाढदिवस तोंडावर आलाय आणि साहेबांना स्वतःच्या हातचं काहीतरी द्यायचंय. "ताई, स्वेटर किती दिवसांत होतो?" मी म्हटलं, बाबा रे, विणणाऱ्यांमध्ये एक समजूत आहे, लग्नाआधी होणाऱ्या जोडीदारासाठी स्वेटर विणायला घेतला की तो पूर्ण व्हायच्या आत माणूसच निघून जातो, त्याला चक्क स्वेटरचा शाप म्हणतात. शाप-बिप काही नसतो, स्वेटरला महिने लागतात आणि महिन्यांत काहीही होऊ शकतं इतकंच. पण पोरगा टरकला आणि मफलरवर आला.

मफलर सोपा असतो हे खरंय, फक्त तो संपत नाही. मध्यम जाडीची लोकर आणि 5 मिमीच्या सुया घेतल्या तर 10 सेंटिमीटरात साधारण 18 टाके आणि 36 ओळी बसतात, म्हणजे 20 सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब मफलरला 36 टाक्यांच्या 540 ओळी, एकूण 19,440 टाके. मी हे कागदावर मांडून दाखवलं. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आणि छोटंसं काही?"

मोजे सुचवायचा प्रश्नच नव्हता. एक मोजा झाला की दुसरा घ्यावासाच वाटत नाही, हा आजार मुरलेल्या लोकांनाही होतो, आणि होणाऱ्या बायकोला एकच मोजा देणं बरं दिसत नाही. शेवटी हेअरबँडवर तोडगा निघाला. जाड लोकर, 8 मिमीच्या सुया, 12 टाके, डोकं 56 सेंटिमीटर धरलं तर पट्टी 50 ची म्हणजे ताणून घट्ट बसते, दोन टोकं शिवली की झालं. साधारण 120 ओळी, 1,440 टाके. मला वाटलं सुटलो.

"पण ताई, ती गुळगुळीत वीण असते ना, इंग्रजी व्ही व्ही दिसते ती, तसं हवंय." तिथे मी ठाम राहिले. ती वीण म्हणजे एक ओळ सुलट, एक उलट, आणि अशी विणलेली पट्टी कडेने मागे वळते आणि वरखालची टोकं पुढे येतात, हेअरबँड करायला जावं आणि दोरखंड हाती यावा. इस्त्री फिरवून सरळ करू म्हणाल तर लोकर बहुतेक अॅक्रिलिक असते, ती गरम इस्त्रीखाली कायमची लुळी पडते, तिच्यातला जीवच जातो. त्यापेक्षा सगळ्या ओळी सुलट विणा. पट्टी सपाट राहते, दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि एखादा टाका वेडावाकडा झाला तरी गर्दीत खपून जातो. नवशिक्यासाठी डिझाइन करायचं म्हणजे खरं तर त्याच्या चुका कुठे लपवायच्या हे आधी ठरवायचं, नक्षी वगैरे नंतर.

एवढं सगळं ऐकून तो लोकर घेऊन आला. काळी आणि केसाळ! काळ्या रंगात टाके दिसत नाहीत आणि केसाळ लोकर उसवता येत नाही, म्हणजे चूक दिसणारही नाही आणि दिसली तरी निस्तरता येणार नाही, निवड अगदी अचूक होती. ती बदलून फिकट पिवळी, गुळगुळीत लोकर आणवली.

मग जेवणाच्या सुट्टीत विणणं सुरू झालं. जीभ दातात, खांदे कानापर्यंत, सुई अशी धरलेली जणू सोडली तर पळून जाईल, आणि टाके इतके घट्ट की सुई आत शिरताना कुंईं कुंईं आवाज करायची. माझ्या हाताने 12 टाके 10 सेंटिमीटर होतात, त्याच्या हाताने जेमतेम 7. बरं, घट्टपणाचं सोडा, पट्टी रुंद व्हायला लागली. 12 चे 15 झाले, मग 19. कारण मला लगेच दिसलं, ओळ उलटली की तो धागा सुईवरून मागे ओढायचा, त्यामुळे पहिला टाका वर खेचला जाऊन त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसायचे आणि हा पठ्ठ्या इमानदारीत दोन्ही विणायचा. सांगितलं, दाखवलं, परत सांगितलं. पुढच्या ओळीला परत तेच.

तेव्हा मी विचार केला, याला कशाला बदलायचं, डिझाइनच बदलू. 3 टाके घालायचे, प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात मुद्दाम दोनदा विणायचं, बाकी सगळं सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो, आणि सगळं सुलट असलं की दोन ओळींची उंची जवळजवळ एका टाक्याच्या रुंदीइतकी होते, त्यामुळे आपोआप काटकोनी त्रिकोण तयार होतो, डोक्याला बांधायचा रुमाल. 60 ओळींनी 63 टाके, सैल हाताने 52 सेंटिमीटर. हात घट्ट असेल तर आणखी थोड्या ओळी विणा, माप घ्यायचं आणि थांबायचं, बाकी गणित नाही. फक्त शेवटी टाके बंद करताना एक नंबर जाड सुई घ्या, नाहीतर लांब बाजू आवळून बसते, आणि रुंदीच्या चौपट धागा राखून ठेवा. कोपऱ्यांना लोकरीच्या दोन वेण्या लावल्या की बांधायची सोय झाली.

रुमाल वेळेत झाला, तिला आवडलाही. मी पॅटर्न नीट लिहून काढला, पुढच्या "सोपं काहीतरी" वाल्यांना द्यायला. ज्युनिअरने तो वाचला आणि म्हणाला, "ताई, टाके वाढवायची आयडिया तर माझी होती, डिझायनर म्हणून माझं नाव टाका की." टाकलंय. माझ्या नावाखाली, बारीक अक्षरात.