खुलासा: ‘ग्लीसन ६’ म्हणजे कॅन्सर साठ टक्के पसरला, असं नाही

“प्रोस्टेटच्या बायोप्सीत ग्लीसन स्कोअर १० पैकी ६ आला, म्हणजे कॅन्सर ६० टक्के पसरला,” असा मेसेज फिरतोय. (प्रोस्टेट म्हणजे पुरुषांमधली मूत्राशयाखालची ग्रंथी; बायोप्सी म्हणजे तिचे बारीक तुकडे काढून केलेली तपासणी.) हे साफ चुकीचं आहे. तो वाचून घरातली माणसं हादरतात, म्हणून हे लिहितोय.

ग्लीसन स्कोअर हे पसरण्याचं माप नाहीच. अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत आणली. पेशींची रचना मूळ ग्रंथीपेक्षा किती बिघडली, एवढंच ती सांगते. आजच्या बायोप्सी रिपोर्टात कॅन्सरसाठी ६ हा सहसा सर्वांत खालचा आकडा असतो. त्यालाच ग्रेड ग्रुप १ म्हणतात. स्कोअर ही दोन रचनांच्या आकड्यांची बेरीज असते, आणि आकडा मोठा तेवढी रचना जास्त बिघडलेली. म्हणून ७ मध्येही ३+४ पेक्षा ४+३ जास्त आक्रमक, कारण पहिला आकडा जास्त भागात दिसलेल्या रचनेचा.

मग कॅन्सर किती, ते कुठे बघायचं? सुईने साधारण १२ तुकडे काढतात, शेवईसारखे बारीक. ‘डावी बाजू, ६ पैकी २ तुकड्यांत, एकात ४० टक्के’ अशा धाटणीची ओळ शोधा. ते ४० टक्के त्या एका तुकड्यातले, अख्ख्या ग्रंथीतले नव्हेत. सुई जिथे गेलीच नाही तिथलं बायोप्सीला कळत नाही. म्हणून पीएसए (रक्ताची चाचणी), गुदद्वारातून बोटाने तपासणी, एमआरआय जोडीला लागतात. हाडांत गेलाय का, हे बोन स्कॅन किंवा पीएसएमए पेट स्कॅनवरून (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते दाखवणारा स्कॅन) बघतात.

६ आलेल्या अनेकांना लगेच ऑपरेशन लागतही नाही, नियमित देखरेख पुरते. युरॉलॉजिस्टकडे जाताना रिपोर्टची सगळी पानं न्या, नुसत्या आकड्याचा फोटो नको.