बेलवलकर फुटपाथवर आला, लागू नाही

परवा सकाळी आत्यानं घरच्या ग्रुपवर एक कोलाज टाकलं. काळी चौकट, कोपऱ्यात मेणबत्ती आणि पाच फोटो: बालगंधर्व, ललिता पवार, भगवानदादा, डॉ. काशिनाथ घाणेकर आणि डॉ. श्रीराम लागू. खाली लांबलचक मजकूर. तो तुमच्याकडेही येऊन गेला असेल, कारण कुणी कलाकार गेला की दर वेळी तो थोडे फोटो बदलून फिरतो. म्हणणं थोडक्यात असं: ज्यांनी आपल्याला हसवलं-रडवलं ते मराठी कलाकार शेवटी कफल्लक आणि एकाकी मेले, पोटच्या पोरांनी टाकलं, धंद्यातल्या माणसांनी ओळख दाखवली नाही, सरकारनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग हात जोडलेल्या चार चित्रांची रांग आणि पुढे पाठवायची विनंती.

पाठवणाऱ्याचं मन चांगलं असतं, हे मान्य. आत्याचं तर आहेच, तिनं 'संगीत मानापमान'ची पदं ऐकत आयुष्य काढलंय. पण मजकुरातलं एकेक वाक्य तपासायला घेतलं की फार थोडं हाती उरतं.

सुरुवात पाचव्या फोटोपासून करतो, कारण सगळी मेख तिथे आहे. तो फोटो लागूंचा असला तरी 'नटसम्राट'च्या शेवटच्या अंकातल्या वेशातला आहे. म्हणजे रस्त्यावर आलेला दिसतोय तो गणपतराव बेलवलकर. मुलांमध्ये सगळं वाटून टाकणारा, अपमान सोसणारा, बायको गमावून फुटपाथवर पोचणारा म्हातारा नट कुसुमाग्रजांनी लिहिला आणि १९७० साली धी गोवा हिंदु असोसिएशननं तो रंगमंचावर आणला. तेव्हा लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. शिक्षणानं कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात आणि आफ्रिकेत टांझानियात प्रॅक्टिस केलेले, आणि ती चालती प्रॅक्टिस आपणहून सोडून नाटकात आलेले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं ते जगले. १७ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या ब्याण्णव्या वर्षी पुण्यात गेले. त्यांच्या वाट्याला दुःख आलंच नाही असं नाही. तन्वीर हा मुलगा तरुणपणी गेला. त्याच्या नावानं त्यांनी रंगकर्मींसाठी सन्मान सुरू केला. मुलांनी घराबाहेर काढलेला कंगाल नट शोधायचा तर हा माणूस शेवटचा सापडावा. पण बेलवलकर आपल्या डोक्यात इतका पक्का बसलाय की कुठल्याही नटाच्या मरणात आपण त्याचाच शेवटचा अंक शोधतो.

आता बालगंधर्व. त्यांच्या फोटोखाली 'अखेर भीक मागायची वेळ आली' असं आहे. कर्ज होतं, आणि ते डोंगराएवढं होतं. पण ते कुणाचं होतं? नारायण श्रीपाद राजहंस या नटाचं नव्हे, गंधर्व नाटक मंडळीच्या मालकाचं. १९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी ती कंपनी काढली. पुढे एकट्याच्या हाती आल्यावर उंची शालू, खरे दागिने, गालिचे, प्रेक्षागृहात अत्तराचा घमघमाट, यात खर्चाला धरबंध राहिला नाही. १९३१ साली बोलपट आला आणि एकट्या यांचंच नव्हे, बहुतेक नाटक मंडळ्यांचं कंबरडं मोडलं. दिवाळं जाहीर करून मोकळं होण्याचा रस्ता होता. तो त्यांनी घेतला नाही, प्रयोग करत देणी फेडत राहिले. 'प्रभात' फिल्म कंपनीत गेले, १९३५च्या 'धर्मात्मा'त एकनाथ रंगवले आणि पडद्यावर मन रमेना म्हणून परत रंगमंचावर आले. हा निर्णय व्यवहाराला धरून नव्हता, पण त्यांचा स्वतःचा होता.

आणि 'कुणी विचारलं नाही' म्हणावं तर १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ साली पद्मभूषण. पुण्यातल्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली बसली ती त्यांच्याच हस्ते. स्वतःच्या नावाच्या नाट्यगृहाची कोनशिला स्वतः बसवणारे नट मला तरी दुसरे आठवत नाहीत. ते १५ जुलै १९६७ रोजी गेले आणि पुढच्या वर्षी, त्यांच्या जन्मदिवशी, २६ जूनला रंगमंदिर उघडलं. शेवटची वर्षं पाय गेलेल्या अवस्थेत, हलाखीत गेली, हे खरं आहे. ते लिहावंच. पण हलाखी वेगळी आणि विसर पडणं वेगळं. फॉरवर्ड या दोन्हींची मोट बांधतं.

भगवानदादांच्या बाबतीत मात्र मजकूर बराचसा बरोबर आहे. भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा, आधी कमी पैशांचे मारधाडीचे सिनेमे काढणारा. १९५१ साली 'अलबेला' आला आणि गल्ला भरून वाहू लागला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या असं सांगितलं जातं. मग 'झमेला'ला 'अलबेला'ची सर आली नाही, पुढचे पैसे अडकले, 'हंसते रहना' पुरा झालाच नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या. मुक्काम दादरच्या चाळीत, आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी तिथेच शेवट.

पण इथेही तोच प्रश्न: बुडालं कोण? बुडाला तो निर्माता. भगवानदादा नट म्हणून पुढची कित्येक दशकं छोट्यामोठ्या भूमिका करत होते. सिनेमा काढणं हा जुगाराचाच धंदा. तो जिंकलेला माणूसही आपल्यातच होऊन गेला: दादा कोंडके. १९७१च्या 'सोंगाड्या'पासून पुढे एकामागोमाग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी, गिनीज बुकात नोंद. ते १९९८ साली गेले आणि मागे वारसाहक्काचा वाद कोर्टापर्यंत गेला. कंगालाच्या मागे कुणी कोर्टात भांडत नाही. तरी दादांचा फोटो असल्या कोलाजमध्ये मी कधी पाहिला नाही.

भगवानदादांच्या 'एकाकी' मरणाबद्दल एक गोष्ट जुने दादरकर सांगतात. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या चाळीपाशी आल्या की थांबायच्या. बँडवाले 'अलबेला'तलं गाणं धरायचे आणि दादा खाली येऊन तीच ती सुप्रसिद्ध पावलं टाकायचे. खांदे सैल, हात अर्धे उचललेले, पाय जेमतेम जमिनीवरून सुटणारे. गरिबी होती, पण ज्याच्या दारात मिरवणूक थांबते त्याला एकाकी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ललिता पवारांच्या फोटोखालचं वाक्य तर सरळ खोटं आहे: 'एका थपडेनं कारकीर्द संपली'. थप्पड खरी. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात सहकलाकाराचा हात जोरात बसला, चेहऱ्याच्या एका बाजूचा पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. तो सहकलाकार म्हणजे याच कोलाजमधले भगवानदादा, हे मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. नायिका म्हणून त्यांचं दुकान बंद झालं. पण नायिकांची सद्दी तशीही किती वर्षांची असते? ललिताबाईंनी तो बारीक डोळाच भांडवल म्हणून वापरला आणि पुढे चार दशकांहून जास्त काम केलं. १९५९च्या 'अनाडी'तली मिसेस डिसा, तिला फिल्मफेअर. १९६१ साली संगीत नाटक अकादमी. वयाच्या सत्तरीत दूरदर्शनवर 'रामायण'मधली मंथरा, जिच्यामुळे त्यांना एकही सिनेमा न पाहिलेली पोरंसुद्धा ओळखू लागली. १९९८च्या फेब्रुवारीत औंधच्या घरी त्या गेल्या तेव्हा जवळ कुणी नव्हतं, हे वाचून कुणालाही कळवळा येईल. पण एका माणसाच्या एक्क्याऐंशी वर्षांतले शेवटचे दोन दिवस उचलायचे आणि त्यांनाच आयुष्य म्हणायचं, हा कुठला हिशेब?

घाणेकरांविषयी लिहिलंय की दारूनं संपवलं, शेवटी कुणी काम देईना. पिण्याचे किस्से मी नाकारत नाही, ते त्यांच्या जवळच्यांनीच लिहिलेत. पण हा माणूस २ मार्च १९८६ रोजी गेला तो अमरावतीला, नाटकाच्या दौऱ्यावर असताना. काम नसलेला नट दौऱ्यावर कशाला जाईल? जाहिरातीत सगळ्यांची नावं संपल्यावर 'आणि' लिहून ज्यांचं नाव यायचं आणि त्या एका 'आणि'वर बुकिंग खेचलं जायचं, तो हा नट.

'पोटच्या पोरांनी टाकलं' हा मुद्दा सगळ्यात जास्त इजा करतो, कारण तो जिवंत माणसांवर जातो. २०२३च्या जुलैत रवींद्र महाजनी तळेगावजवळच्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. त्यानंतर त्यांच्या अभिनेता मुलाला लोकांनी जे सुनावलं ते आठवून बघा. वेगळं राहणं ही वडिलांचीच निवड होती, असं त्यानं नंतर मुलाखतींत सांगितलं. ते वाचायला किती जण थांबले? घराच्या आत काय असतं हे आपल्याला ठाऊक नसतं, पण बेलवलकरची गोष्ट पाठ असल्यानं खलनायकाच्या जागी मुलगा आपोआप बसतो. घाई तर इतकी की २०२२च्या नोव्हेंबरात विक्रम गोखले रुग्णालयात झुंजत असताना रात्रीतून त्यांना श्रद्धांजल्या वाहून झाल्या. घरच्यांना ते जिवंत असल्याचं सांगावं लागलं. ते गेले २६ तारखेला. त्यांचे वडील चंद्रकांत गोखले, आयुष्यभर नाटक-सिनेमात चरित्र भूमिका करणारे, अपंग सैनिकांसाठी स्वतःच्या कमाईतून नेमानं पैसे देत असत. 'कफल्लक कलाकारां'च्या गोष्टीत त्यांना जागा नाही. सुलोचनादीदींनाही नाही, २००९ साली महाराष्ट्र भूषण, २०२३ साली चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. रमेश देव त्र्याण्णव. भरल्या घरात, मानानं गेलेल्या माणसाचं कोलाज कोण करणार?

राहिलं सरकार. 'काहीच करत नाही' हे बरोबर नाही. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन द्यायची राज्याची योजना पन्नासच्या दशकापासून आहे, आणि २०२४ साली रक्कम वाढून महिन्याला ५,००० रुपये झाली. पुरेसे आहेत का? नाहीत.

आणि इथेच मला त्या कोलाजचा खरा राग येतो. त्यात फोटो आहेत ते ज्यांच्या नावानं रंगमंदिरं, सिनेमे, पुरस्कार आहेत त्यांचे. विठाबाई नारायणगावकर नाहीत. राष्ट्रपतींनी गौरवलेली ही तमाशा कलावंतीण. फडावर कळा सुरू झाल्या, कनातीमागे बाळ झालं, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही गोष्ट तमाशावाले आजही सांगतात. २००२च्या जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागलं. विठाबाईंना निदान नाव तरी होतं. २००६पासून राज्य सरकारचा तमाशासाठीचा जीवनगौरव त्यांच्या नावानं दिला जातो. त्यांच्या मागे झील धरणारे, ढोलकी वाजवणारे, राहुट्या ठोकणारे यांची कमाई म्हणजे सुपारी मिळाली तर रात्रीचे पैसे आणि हंगामाआधी घेतलेली उचल. नाटकातल्या बॅकस्टेजवाल्याचंही तेच: नाइट झाली तर पैसे, नाही तर नाही. फंड नाही, रजा नाही. सत्तरीत विपन्नावस्था येते ती इथे, आणि तिच्यात कलंदर उधळेपणाचा वगैरे काही संबंध नसतो.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग तू कुणाचा फोटो लावशील ते सांग."

माझ्याकडे एक फोटो होता. गावाकडच्या एका ढोलकीवाल्याचा मानधनाचा अर्ज गेल्या वर्षी मी भरून दिला होता. अर्जासोबत कला सादर केल्याचे पुरावे लागतात: कात्रणं, पत्रिका, फोटो. तमाशाची पोस्टरं भिंतीवर चिकटतात आणि पहिल्या पावसात जातात. कात्रण तर कधी नव्हतंच. त्या ढोलकीवाल्या बाबांनी ट्रंकेतून कापडात गुंडाळलेला एकच फोटो काढला. मधोमध फडाची मालकीण, हात कमरेवर, पूर्ण उजेडात. डाव्या कडेला कापलेली अर्धी ढोलकी, तिच्यावरची शाई आणि चार बोटं.

"ही माझी," बाबा म्हणाले.

ती बोटं त्यांचीच कशावरून, हे अर्जात कुठल्या रकान्यात लिहायचं ते आम्हाला सापडलं नाही.