नजर बिलावर, हात कीबोर्डवर

हिशेबाचं काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. मला तो तीन ठिकाणांहून आला, त्यातलं एक आमच्याच ऑफिसातलं. मेसेज लांबलचक आहे, पण सांगणं थोडक्यात असं : कीबोर्डचे शॉर्टकट शिकण्यात वेळ घालवू नका. माऊस जास्त वेगवान असतो, हे खुद्द अ‍ॅपल कंपनीने घड्याळ लावून सिद्ध केलंय. शॉर्टकटने वाचले तरी दोन-चार सेकंद वाचतात. ते नुसतं पाठांतर आहे, चाळिशीनंतर जमत नाही. एक बटण चुकलं की डेटा उडतो. आता एआय आलंय, तोंडाने बोललं की काम होणार. आणि शेवटी, माऊस काय, कुणालाही जमतो.

मी फोर्टमधल्या एका लहान ऑफिसात सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिते. दादर, परळ, गिरगाव इथल्या सोसायट्या. या कामाला बावीस वर्षं झाली. एरवी असा मेसेज मी वाचून सोडून दिला असता. पण आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीने मॉनिटरच्या कडेला शॉर्टकटचा एक कागद चिकटवला होता, तो हा मेसेज वाचून काढून टाकला. “ताई, याचा काही उपयोग नसतो म्हणे,” असं मला म्हणाली. म्हणून बसून लिहिते आहे.

“माऊस वेगवान, हे अ‍ॅपलने सिद्ध केलंय.” ही गोष्ट हवेतून आलेली नाही. ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८९ साली ती लिहिली. तेव्हा ते अ‍ॅपलमध्ये होते आणि माणसाने संगणक कसा हाताळावा, पडद्यावर काय कुठे असावं, हाच त्यांच्या कामाचा विषय होता. त्यांचं म्हणणं असं की चाचणी देणाऱ्यांना विचारलं तर ते कीबोर्ड वेगवान असल्याचं सांगतात, पण स्टॉपवॉच दर वेळी माऊसच्या बाजूने निकाल देतं. कारणही त्यांनी दिलं. कुठलं बटण दाबायचं हे ठरवायला माणसाला सुमारे दोन सेकंद लागतात, आणि ते दोन सेकंद गेल्याचं त्याचं त्यालाच कळत नाही.

मेसेजमध्ये एवढंच उचललंय. त्याच लेखात टोग्नाझिनी यांनी एक अपवाद स्वतःहून मान्य केला होता, तो मजकूर संपादनाचा. एका हाताने माऊसने मजकूर निवडायचा आणि दुसऱ्या हाताने एक्स (कापणं), सी (कॉपी), व्ही (चिकटवणं) यांचे शॉर्टकट दाबायचे, यात कामाचा खरा फायदा होतो, असं त्यांनी लिहिलं. दिवसभरात ज्या कमांड आपण सगळ्यांत जास्त वापरतो, त्यांतल्याच या तीन. नेमक्या त्याच मेसेजमधून गळल्या आहेत.

आता घड्याळाचीच भाषा बोलायची तर तीही बोलू. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि अ‍ॅलन न्यूएल यांनी १९८० मध्ये अशा कामांचे वेळ मोजून एक हिशेब मांडला. सरावलेल्या टायपिस्टला एक बटण दाबायला ०.२ सेकंद लागतात. माऊसचा बाण पडद्यावरच्या ठरावीक जागी न्यायला सरासरी १.१ सेकंद. हात कीबोर्डवरून माऊसवर किंवा उलट न्यायला ०.४. म्हणजे मेनूत जाऊन कॉपी करायचं तर हात नेणं, मेनूपर्यंत जाणं, कॉपी या शब्दापर्यंत जाणं आणि हात परत आणणं मिळून, क्लिकचा वेळ सोडला तरी, ३ सेकंद झाले. कंट्रोल सीची दोन बटणं ०.४ सेकंदात होतात. त्यात टोग्नाझिनींचे ते आठवायचे दोन सेकंद पूर्ण धरले तरी २.४. हात आधीपासून माऊसवरच असेल तर मात्र ३ मधून ०.८ वजा होतात, २.२ उरतात आणि माऊस थोडक्यात जिंकतो. शॉर्टकट न आठवणारा असेल आणि हात माऊसवरच असेल, तर टोग्नाझिनी बरोबर आहेत. हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण कंट्रोल सी दाबण्याआधी तुम्ही शेवटचं थांबून कधी आठवलं होतं? त्या बटणासाठी आठवणीचे दोन सेकंद आता उरलेलेच नाहीत.

डेव्हिड लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००५ मधला अभ्यास मला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. वर्ड वापरणाऱ्या २५१ अनुभवी लोकांना त्यांनी विचारलं, तर बहुतेक जण नेहमीच्या कमांडसाठीही टूलबारवरची चित्रंच दाबत होते. आणि पद्धतींची तुलना केली तेव्हा सर्वांत कार्यक्षम निघाले ते शॉर्टकट. वर्षानुवर्षं काम केलं म्हणून शॉर्टकट आपोआप अंगवळणी पडत नाहीत, ते ठरवून शिकावे लागतात. म्हणूनच अशा मेसेजचा मला राग येतो. शिकायला निघालेल्या माणसाला तो उंबऱ्यावरूनच परत पाठवतो.

“वाचले तरी दोन-चार सेकंद.” खरं तर मला याच मुद्द्यावर बोलायचंय. शॉर्टकटची बाजू घेणारेही सेकंदांच्याच नादी लागतात. वर्षाला आठ-आठ दिवस वाचतील अशी गणितं इंटरनेटवर भरपूर आहेत. मी ती कुणालाही सांगत नाही, कारण माझे असे दिवस कधी वाचलेले नाहीत. जे वाचतं ते वेगळंच असतं.

आमचं ऑगस्टमधलं काम घ्या. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे या दिवसांत सगळ्यांनाच घाई असते. एकशे वीस फ्लॅटची सोसायटी. डाव्या हाताला बँकेचं स्टेटमेंट. कुणी चेक दिलाय, कुणी यूपीआय केलंय, कुणाच्या मुलाने पुण्याहून पैसे पाठवलेत आणि फ्लॅट नंबर लिहिलेलाच नाही. स्टेटमेंटच्या ओळीखाली पट्टी धरलेली असते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ ६ दाबलं की रिसिट म्हणजे आलेले पैसे, एफ ५ ला पेमेंट म्हणजे दिलेले, एफ ७ ला जर्नल म्हणजे रोख-बँकेशिवायची नोंद, एफ ४ ला कॉन्ट्रा म्हणजे रोख आणि बँक यांच्यातली अदलाबदल. एफ २ ने तारीख. सभासदाच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं, एंटर, रक्कम, एंटर, नॅरेशन म्हणजे नोंदीचा खुलासा, आणि कंट्रोल एने नोंद पक्की. एखादा फ्लॅट विकला गेला आणि नवा सभासद आला, तर व्हाउचर, म्हणजे चालू नोंद, अर्धवट न सोडता आल्ट सीने तिथल्या तिथे नवं लेजर, म्हणजे त्याचं खातं. एकीकडे पट्टी ओळीओळीने खाली सरकत राहते.

एवढ्या सगळ्यात माझी नजर कागदावरच असते. पडद्याकडे एकदा, कंट्रोल ए दाबायच्या आधी बघते. माऊस धरला की हे मोडतं. बाण कुठे आहे हे शोधायला डोळे पडद्यावर जातात, तिथून बटणावर, परत कागदावर, आणि डोक्यात धरलेला आकडा तेवढ्यात सैल पडतो. ४,३५० चे ४,५३० होतात. मग बँकेचं रिकन्सिलिएशन, म्हणजे स्टेटमेंटशी ताळमेळ, १८० रुपयांनी अडून बसतं. फरकाला ९ ने भाग जातोय म्हणजे शेजारचे दोन आकडे उलटे पडले असणार, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. पण कुठल्या ओळीत, हे शोधण्यात अख्खी दुपार जाते. मेसेज लिहिणाऱ्याने मोजलेल्या दोन-चार सेकंदांत ती दुपार धरलेली नाही.

एक्सेलचंही तसंच. थकबाकीची यादी स्क्रोल करत खाली जायचं म्हणजे मधल्या ओळींवरून नजर घसरणार. कंट्रोल धरून खालचा बाण दाबला की सलग भरलेल्या शेवटच्या ओळीवर उडी पडते. मध्ये रिकामा सेल असेल तर उडी तिथेच अडते, आणि मला नेमकं तेच हवं असतं, कारण कुणाची तरी रक्कम भरायची राहिली आहे हे तिथे कळतं. पूर्ण रिकाम्या कॉलममध्ये तेच केलं तर थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर जाता, शीट तिथे संपते. आल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की टोटल. कंट्रोल शिफ्ट एलने फिल्टर. फॉर्म्युला लिहिताना सेलचा पत्ता पक्का करायला एफ ४ ने डॉलरचं चिन्ह. मी नव्या मुलांना सांगते ते एवढंच, आणि तेही एका आठवड्यात एक. शंभर शॉर्टकटची यादी भिंतीवर लावून कुणी काही शिकल्याचं मी पाहिलेलं नाही.

जिथे माऊस बरा तिथे तो वापरावाच. चार्ट हलवायचा, नोटिशीत फोटो बसवायचा, महिन्यातून एकदा लागणारी सेटिंग शोधायची, तिथे मीही माऊसच धरते.

“पाठांतर आहे, चाळिशीनंतर जमत नाही.” आमच्या ऑफिसात एक काका आहेत, साठी ओलांडलेले. ते गिरगावात टायपिंगच्या क्लासला जात तेव्हा समोर टाइपरायटर असे. भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर १९५५ साली मुंबईच्याच गोदरेज कंपनीने बनवला, आणि तेव्हापासून या शहरातल्या हजारो कारकुनांनी, स्टेनोंनी बोटांकडे न बघता काम करायची सवय लावून घेतली. काकांना विचारा, विंडोजमध्ये इंग्रजी बिलावरून मराठी नोटिशीवर जाताना टायपिंगची भाषा कशी बदलता? त्यांना तोंडी सांगता येत नाही. कीबोर्ड पुढ्यात ठेवला की विंडोज आणि स्पेस दाबून मोकळे होतात. ते बोटांत बसलेलं असतं आणि वयाने ते पुसलं जात नाही. पंचावन्नाव्या वर्षी टॅली शिकले, आज आमच्यात त्यांच्या एंट्रीत सगळ्यांत कमी चुका निघतात.

आणि नुसतं पाठच करावं लागतं असंही नाही. झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं कीबोर्डच्या खालच्या रांगेत शेजारीशेजारी आहेत. १९८३ मध्ये अ‍ॅपलच्या लिसा संगणकावर ती या कामांसाठी आली. एक्समध्ये फुली दिसते, म्हणून कापणं. व्ही हे मजकुरात शब्द घुसवायच्या खुणेसारखं दिसतं, म्हणून चिकटवणं. सी कॉपीचं आद्याक्षर, आणि झालेलं मागे घेणारं झेड त्यांच्या अगदी शेजारी. असं एकदा समजावून सांगितलं की घोकावं लागत नाही.

“एक बटण चुकलं की डेटा उडतो.” यात तथ्य आहे. टॅलीत आल्ट डी दाबलं की व्हाउचर खोडायचं का असं विचारतं, आणि एंटर-एंटर मारत जायची सवय असलेला हात त्यालाही एंटर मारतो. माझ्या हातून हे एकदा झालंय. एका सोसायटीच्या लिफ्ट दुरुस्तीचं पेमेंट गेलं, आणि वर्ड-एक्सेलसारखं ते कंट्रोल झेडने परत येत नाही. आदल्या दिवशीच्या बॅकअपवरून ते व्हाउचर पुन्हा टाकलं. तेव्हापासून पडद्यावर प्रश्न आला की मी बोटं उचलते, वाचते आणि मगच हो म्हणते. माझी चूक न वाचण्याची होती. माऊसने घाईघाईत ‘येस’वर क्लिक करणारा माणूसही नेमकी तीच करतो.

“एआय आलंय, बोललं की काम होणार.” आमच्या ऑफिसात एका टेबलाला सहा माणसं बसतात. त्यांच्यात बसून सभासदांचे खाते क्रमांक आणि थकबाकी मोठ्याने बोलायची का? आणि एआयने एंट्री टाकून दिली तरी खाली सही माझीच असते. प्रत्येक ओळ व्हाउचरशी ताडून बघायचं काम मलाच करायचंय.

राहता राहिलं, “माऊस कुणालाही जमतो.” हे वाक्य लिहिणाऱ्याने जरा मुंबईतच फिरून यावं. धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून एक स्वतंत्र केंद्र आहे. वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं काम त्याच्याही कितीतरी आधीचं. दिसत नसलेला माणूस संगणकावर काम करतो ते पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. २००६ मध्ये सुरू झालेलं एनव्हीडीए हे त्यातलं एक, आणि ते फुकट मिळतं. त्यात एच दाबलं की पानावरचं पुढचं शीर्षक, टी दाबलं की पुढचा तक्ता, टॅबने पुढची लिंक किंवा बटण, आल्ट टॅबने दुसरी खिडकी. त्यांच्या कानात आवाज वेगाने चालू असतो आणि सगळं काम बटणांवर होतं. माऊसचा त्यांना उपयोग नाही, कारण बाण कुठे आहे हे बघायचं कशाने?

एखाद्या प्रोग्रॅममध्ये शॉर्टकट दिलेच नाहीत, किंवा टॅबने पोचता येणार नाही असं एखादंच बटण ठेवलं, तर तेवढ्यावरून अशा माणसाच्या हातातलं काम जाऊ शकतं. शॉर्टकट जुने झाले, कुणी वापरत नाही, असं सगळे म्हणायला लागले की प्रोग्रॅम बनवणारेही ते द्यायची तसदी घेत नाहीत. तेव्हा हा मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर निदान त्यातला ‘कुणालाही’ हा शब्द काढून मग पाठवा.