लंडनच्या शेठचं कौतुक करा, पण खरं तेवढंच

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. लॉइड डॉर्फमन नावाच्या माणसाने एका छोट्या दुकानात परकीय चलनाचा धंदा सुरू केला, कमिशन न घेता अब्जाधीश झाला, लंडनला राष्ट्रीय नाट्यगृह बांधलं आणि गोरगरिबांना फुकट नाटकं दाखवली. शेवटी आपल्याला चिमटा: खान्देशच्या शेठांनी केळी, कापूस, सोन्यात बक्कळ कमावलं, कला-साहित्याला मात्र दमडी दिली नाही.

छोट्या दुकानाचं खरं आहे. १९७६ साली मध्य लंडनमधल्या एका दुकानातून त्याची ट्रॅव्हलेक्स ही चलन बदलून देणारी कंपनी सुरू झाली आणि २००१ मध्ये तिने थॉमस कुक या प्रवास कंपनीचा वित्त व्यवसायच विकत घेतला. इथपर्यंत टाळ्या वाजवायला हरकत नाही.

'कमिशन न घेता' हे मात्र भाबडेपणाचं. चलन बदलणाऱ्याची कमाई खरेदी आणि विक्रीच्या दरांमधल्या फरकात असते. पाउंडाचा बाजारभाव शंभर रुपये धरला, तर तो तुम्हाला एकशे चारला विकेल आणि उरलेले पाउंड परत न्याल तेव्हा शहाण्णवने घेईल. 'शून्य कमिशन'ची पाटी लावूनही हे होतं. जळगावच्या सराफ बाजारात दागिना मोडायला गेलेल्या माणसाला हे समजवावं लागू नये. यात लबाडी नाही, धंदा आहे. पण त्याला दानधर्म म्हणू नका.

नाट्यगृह त्याने बांधलेलं नाही. नॅशनल थिएटर, म्हणजे त्या राष्ट्रीय नाट्यगृहातलं कॉटेस्लो हे छोटं नाट्यगृह १९७७ पासून होतंच. २०१० मध्ये डॉर्फमनने १ कोटी पाउंडांची देणगी जाहीर केली, नूतनीकरण झालं आणि २०१४ मध्ये त्याला डॉर्फमन हे नाव मिळालं. त्या सगळ्या कामाचा खर्च सुमारे ८ कोटी पाउंड होता, आणि नॅशनल थिएटरला सरकारी अनुदानही मिळतं. पैसा एकाचा नाही, पाटी एकाची आहे.

'फुकट नाटकं' तर नाहीच, आणि मला वाटतं खरी गंमत इथेच आहे. २००३ मध्ये ट्रॅव्हलेक्सच्या प्रायोजकत्वाने नॅशनल थिएटरच्या सर्वांत मोठ्या सभागृहात हंगामभर दोन-तृतीयांश जागा १० पाउंडांना ठेवल्या गेल्या. स्वस्त, पण तिकीट काढूनच. खुर्ची आपल्या पैशाने घेतलेला प्रेक्षक पडदा वर जायच्या आधी येऊन बसतो. पासवाला दुसऱ्या अंकाला येतो, तोही मोबाइलवर बोलत. (पासवाल्यांनी रागावू नये, पण हे असंच आहे.)

आता खान्देशची दमडी. अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांच्या पैशातून तिथे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं; साने गुरुजी तिथेच शिकले. रॉकेल विक्रीतून सुरुवात केलेल्या भवरलाल जैन यांनी जळगावला गांधी तीर्थ उभारलं, आणि बहिणाबाई व बालकवी यांच्या नावाचे साहित्य पुरस्कार त्यांच्या फाउंडेशनतर्फे दिले जातात. जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव चांदोरकर प्रतिष्ठान दरवर्षी भरवतं, तोही स्थानिक उद्योगांचा हात लागल्याशिवाय होत नाही. तो मजकूर लिहिणाऱ्याने गावातली पोस्टरंसुद्धा वाचलेली दिसत नाहीत.

तरी त्या चिमट्यात एक कण खरा आहे. आपल्याकडे पैसा महोत्सवाला मिळतो, पुरस्काराला मिळतो. वहीगायनासारख्या खान्देशी लोककलेच्या पथकाला किंवा हौशी नाटकाच्या पाचव्या प्रयोगाला मिळत नाही. उद्घाटनाला फोटो निघतो, पाचव्या प्रयोगाला कोण काढणार? पण म्हणून अमुक शेठाने नाट्यगृह बांधावं असं मी म्हणणार नाही. संस्थेने प्रायोजकाला स्टेजमागच्या बॅनरऐवजी मागच्या दहा रांगा द्याव्यात. त्या रांगांचं तिकीट पन्नास रुपये, उरलेली रक्कम त्याने भरायची, आणि नाव तिकिटावर छापायचं. पास मात्र त्याच्या घरच्यांनाही नाही.