हेगला अपील जात नाही, मामा

‘सुप्रीम कोर्टात हरलात? अजून एक कोर्ट बाकी आहे!’ असा लांबलचक मेसेज इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. रामबागेतून लोकमान्यनगर, तिथून राजेंद्रनगर, मग पुण्याचे नातेवाईक आणि फिरून परत इथेच. मी दोनदा डिलीट केला. पण परवा तो मामांकडून आला आणि खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘25 हजार रजिस्ट्रेशन म्हणतायत. भरू का?’ वाड्याच्या भाडेकरूशी चाललेल्या खटल्यात मामांची एसएलपी (स्पेशल लीव्ह पिटिशन, म्हणजे अपिलाची परवानगी मागणारा अर्ज) सुप्रीम कोर्टाने नुकतीच फेटाळली आहे. अशा वेळी माणूस काहीही भरायला तयार होतो आणि मेसेज लिहिणाऱ्याला ते पक्कं ठाऊक आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय सगळ्या देशांच्या सुप्रीम कोर्टांच्या वर आहे. भारताने यूएनच्या सनदेवर सही केली असल्याने कुठलाही नागरिक 90 दिवसांत तिथे अपील करू शकतो. कुलभूषण जाधवांची फाशी तिथेच रद्द झाली. युरोपात हे रोज चालतं. एका ऑस्ट्रेलियन कंपनीने तर आपल्या कोर्टांनाच हरवलं. शिवाय तिथे भारतीय जज आहेत. शेवटी एका ‘इंटरनॅशनल लीगल कन्सल्टंट’चा मोबाइल नंबर.

सगळ्यात आधी अपिलाचं, कारण पैसे त्यावरच उकळले जातायत. हेगच्या न्यायालयाची एक घटना आहे, तिला स्टॅट्यूट म्हणतात. तिचं कलम 34 पहिल्याच वाक्यात सांगतं की त्या न्यायालयापुढच्या खटल्यात पक्षकार फक्त राष्ट्रं असू शकतात. फक्त राष्ट्रं. मामा नाहीत, भाडेकरू नाही, टाटा-बिर्लासुद्धा नाहीत. त्या न्यायालयाच्या वेबसाइटवरही स्वच्छ लिहिलं आहे की आम्ही देशांतल्या कोर्टांवरचं सुप्रीम कोर्ट नाही आणि व्यक्तींसाठी शेवटचं कोर्टही नाही. म्हणजे 25 हजार भरून जो फॉर्म जाईल, तो घेणारी खिडकीच तिथे नाही. आणि राष्ट्रांनाही तिथे मन मानेल तेव्हा खेचता येत नाही. दोन्ही देशांची संमती लागते. यूएनचं सदस्यत्व म्हणजे ती संमती नव्हे. भारताने आपली संमती कुठवर आहे ते 2019 च्या सप्टेंबरात नव्याने जाहीर केलं, त्यात अपवादांची मोठी यादी आहे आणि देशांतर्गत अधिकारातले विषय सरळ वगळले आहेत. रामबागेतल्या वाड्याचं भाडं याहून देशांतर्गत काय असणार?

आणि ते 90 दिवस? हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध सुप्रीम कोर्टात एसएलपी दाखल करायची मुदत 90 दिवसांची असते. ती उचलून हेगला चिकटवली आहे. लिहिणाऱ्याने कधीतरी एखाद्या वकिलाच्या टेबलाजवळ बसून चहा घेतलेला दिसतो.

आता जाधव. इथे अर्धं खरं आहे म्हणून लोक फसतात. एप्रिल 2017 मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली आणि मे महिन्यात हेगला खटला भरला तो भारत सरकारने. जाधवांच्या कुटुंबाने नव्हे. 17 जुलै 2019 चा निकाल भारताच्या बाजूचा होता, हे मान्य. पाकिस्तानने वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्यांना भेटू दिलं नाही, हा व्हिएन्ना कराराच्या कलम 36 चा भंग ठरला. पण शिक्षा रद्द करा, त्यांना सोडून द्या, ही भारताची मागणी न्यायालयाने फेटाळली. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, कसा तो तुम्ही ठरवा, एवढंच पाकिस्तानला सांगितलं. (त्या खटल्यात भारताचे वकील हरीश साळव्यांनी 1 रुपया फी घेतली होती. कन्सल्टंटसाहेबांचा दर पाहून आठवलं.)

आणि असा आदेश मिळाला तरी देशातलं कोर्ट तो पाळेलच असं नाही. हेगने 2004 मध्ये मेक्सिकोच्या बाजूने निकाल देऊन अमेरिकेला तिथल्या मेक्सिकन कैद्यांच्या शिक्षांचा फेरविचार करायला सांगितलं. त्यांच्यातल्या मेडेयीन नावाच्या कैद्याचं प्रकरण अमेरिकी सुप्रीम कोर्टात गेलं. 2008 मध्ये त्या कोर्टाने सांगितलं की हा निकाल आमच्या देशात आपोआप कायदा होत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेक्सासने त्याला मृत्युदंड दिला.

युरोपाबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात सामान्य माणूस खरंच जाऊ शकतो. आपल्या देशातले सगळे मार्ग संपल्यावर, चार महिन्यांच्या आत. पण ते 46 सदस्य देशांपुरतं आहे, भारत त्यात नाही, आणि आशियात तसं न्यायालयच नाही. शिवाय स्ट्रासबर्गही देशातला निकाल खोडत नाही. हक्काचा भंग झाला एवढं सांगतं, भरपाई द्यायला लावतं.

युरोपीय युनियनचं लक्झेंबर्गचं न्यायालय 1964 पासून म्हणतं की युनियनचा कायदा देशांच्या कायद्यापेक्षा वरचढ. तो खटला गंमतीचा आहे: कोस्ता नावाच्या मिलानच्या वकिलाने वीज कंपनीच्या राष्ट्रीयीकरणाच्या निषेधार्थ दोनेक हजार लिरांचं बिल भरलं नाही. पण तोही ‘अपिलात’ गेला नव्हता, मिलानच्या न्यायाधीशाने लक्झेंबर्गला प्रश्न विचारला होता. आणि हा वरचढपणा देशांच्या घटना न्यायालयांनी मुकाट्याने गिळलेला नाही. 5 मे 2020 ला जर्मनीच्या घटना न्यायालयाने युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीबाबत सांगितलं की लक्झेंबर्गने अधिकाराबाहेर जाऊन निकाल दिला, तो आम्हाला बंधनकारक नाही. इटलीच्या घटना न्यायालयाने तर 2014 मध्ये थेट हेगलाच नकार दिला. नाझी काळातल्या अत्याचारांसाठी जर्मनीवर इटलीत दावे चालवता येणार नाहीत, असं हेगने 2012 मध्ये म्हटलं होतं. इटलीचे न्यायाधीश म्हणाले, आमच्या घटनेने दिलेला न्याय मागण्याचा हक्क त्यामुळे बुडतो, तेवढ्यापुरतं हे आमच्याकडे चालणार नाही. मेसेजवाल्याच्या डोक्यात कोर्टं म्हणजे बहुमजली इमारत, लिफ्टचं बटण दाबलं की वरचा मजला. प्रत्यक्षात वर कोण, यावरच ही न्यायालयं साठ वर्षं भांडतायत.

ऑस्ट्रेलियन कंपनीची गोष्ट खरी आहे, आणि आपल्याला लाज वाटावी अशी आहे. व्हाइट इंडस्ट्रीजचा कोल इंडियाशी वाद होता, लवादाचा निवाडा हातात असूनही आपल्या कोर्टांत तो वर्षानुवर्षं लटकला, आणि 2011 मध्ये दोन देशांतल्या गुंतवणूक कराराखालच्या दुसऱ्या लवादाने भारताला सुमारे 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायला लावले. पण ती सोय परदेशी गुंतवणूकदाराला होती. भारतीय नागरिकाला भारताविरुद्ध ती नाही. हा अन्याय आहे म्हणा हवं तर, पण त्यावर 25 हजारांचा फॉर्म हा इलाज नाही.

भारतीय जज म्हणजे दलवीर भंडारी. 2012 मध्ये निवडून गेले, 2017 मध्ये पुन्हा. ते भाडेकरूंचे खटले ऐकत नाहीत.

जुन्या पिढीला हे पटकन पटतं, कारण ‘अपील लंडनला जायचं’ हे कानावर असतं. ब्रिटिश मुलुखातून जायचं, प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे लंडनच्या शेवटच्या अपील-मंडळाकडे. ते 1949 मध्ये बंद झालं. आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या मध्य भारतासारख्या राज्यांत प्रिव्ही कौन्सिलचं काम करणाऱ्या ज्या संस्था होत्या, त्यांचे अधिकार घटनेच्या कलम 374 (4) ने संपवले आणि पडून असलेली अपिलं सुप्रीम कोर्टाकडे आली.

मग मामांकडे काय उरलं? सुप्रीम कोर्टात फेरविचार अर्ज, मुदत 30 दिवस. आणि दुसरी एक गोष्ट, जी त्या मेसेजमध्ये असती तर मी स्वतः फॉरवर्ड केला असता: एसएलपी कारण न देता एका ओळीत फेटाळली असेल, तर हायकोर्टाचा निकाल त्या आदेशात विलीन होत नाही, हायकोर्टाचाच राहतो. कुन्हयम्मद खटल्यात 2000 मध्ये सुप्रीम कोर्टानेच हे ठरवलं आहे. म्हणजे फेरविचार अर्ज इंदूरच्या खंडपीठातही करता येतो, उशीर झाला असेल तर माफीच्या अर्जासह. त्याची कारणं फार मोजकी आहेत, निकालात उघड दिसणारी चूक किंवा आधी मिळूच न शकलेला पुरावा, असली. मामांचं प्रकरण त्यात बसतं का, हे आदेशाची प्रत पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. प्रत पाठवा, मामा. आणि त्या नंबरवर आधार कार्डाचा फोटो पाठवला असेल तर तेही आजच सांगा.